आयरिश निकालांची टिपणवही

स्पर्धा परीक्षेच्या मराठी मार्गदर्शकांत एक कोष्टक हमखास असतं : कोणत्या देशाच्या राज्यघटनेकडून आपण काय घेतलं. आयर्लंडच्या रकान्यात तीन नोंदी. राज्यनीतीची मार्गदर्शक तत्त्वं, राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत, राज्यसभेवरचे नामनिर्देशित सदस्य. मुलं ते पाठ करतात आणि आयर्लंड तिथेच संपतो. याचं मला वाईट वाटतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा घटनासभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की संसदीय लोकशाहीसाठी केलेल्या घटनांपैकी अशी तत्त्वं असलेली दुसरी घटना फक्त आयर्लंडची आहे. त्याआधी १९४७ मध्ये घटनासभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव डब्लिनला जाऊन आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरांना भेटून आले होते.

१९३७ च्या आयरिश घटनेत ही तत्त्वं कलम ४५ मध्ये आहेत आणि न्यायालयांनी त्यांत लक्ष घालू नये, असं त्या कलमातच लिहिलं आहे. आपल्या कलम ३७ नं तोच मार्ग धरला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आपल्या न्यायालयांनी तत्त्वांचा आशय कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात आणून बसवला. आयरिश न्यायालयांनी कलम ४५ ला फारसा हात लावला नाही. त्यांनी कलम ४०.३ मधल्या ‘वैयक्तिक हक्क’ या दोन शब्दांत जागा शोधली, आणि ती शोधायला भाग पाडलं डब्लिनच्या एका गृहिणीनं.

*

ग्लॅडिस रायन. १९६० च्या कायद्यानं नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं सक्तीचं झालं. मुलांच्या दातांची कीड कमी व्हावी हा हेतू. रायनबाईंचं म्हणणं असं, की माझ्या घरात, माझ्या मुलांच्या पोटात काय जावं हे सरकारनं ठरवू नये. त्यांच्या बाजूनं वकील शॉन मॅकब्राइड उभे राहिले. उच्च न्यायालयात ६५ दिवस सुनावणी चालली. दंतवैद्य आले, रसायनतज्ज्ञ आले, आणि १९६३ च्या जुलैत न्यायमूर्ती केनींनी निकाल दिला : इतक्या अल्प प्रमाणातलं फ्लोराइड अपायकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. रायनबाई हरल्या. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही हरल्या.

पण त्याच निकालात केनी एक गोष्ट सांगून गेले. घटनेनं नागरिकांच्या ज्या वैयक्तिक हक्कांची हमी दिली आहे, ते सगळे घटनेत नावानिशी लिहिलेले नाहीत. न लिहिलेलेही आहेत, आणि ते कोणते हे न्यायालय ठरवेल. त्यांतला पहिला त्यांनी तिथेच सांगितला : शरीर अबाधित राहण्याचा हक्क. आधार म्हणून त्यांनी राज्याचं ख्रिस्ती आणि लोकशाही स्वरूप घेतलं आणि पोप तेविसावे जॉन यांच्या ताज्या पत्रकाचा दाखलाही दिला. पोपच्या पत्रकातून निघालेला हा विचार दहा वर्षांत चर्चच्या शिकवणीच्याच विरोधात उभा राहील, याची कल्पना तेव्हा कुणाला असणार?

आयर्लंडच्या सार्वजनिक नळाला आजही फ्लोराइड आहे. आयरिश घटनेचा विद्यार्थी मात्र आजही रायनपासूनच सुरुवात करतो.

*

ते दहा वर्षांनंतरचं प्रकरण म्हणजे मेरी मगी. कोळ्याची बायको, चार लेकरं, डब्लिनच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या एका फिरत्या घरात संसार. बाळंतपणांत तिची प्रकृती इतकी बिघडली होती, की पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी सुचवलेलं गर्भनिरोधक मलम आयर्लंडमध्ये विकत मिळत नव्हतं. तिनं ते इंग्लंडहून टपालानं मागवलं. जकात अधिकाऱ्यांनी पाकीट जप्त केलं, कारण १९३५ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानं अशा वस्तूंच्या विक्रीला आणि आयातीला बंदी होती.

तिनं सरकारवर दावा लावला. उच्च न्यायालयात हरली. १९ डिसेंबर १९७३ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. नवरा-बायकोनं आपल्या संसारात किती मुलं होऊ द्यायची हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे, त्यात राज्यानं येऊ नये. न्यायमूर्ती वॉल्श यांचं निकालपत्र आजही वाचावं असं आहे. ते धर्माला धुडकावत नाहीत. विवाह आणि कुटुंब यांना घटनेनं जे पवित्र स्थान दिलं आहे, त्याच्याच आधारानं ते बंदी मोडून काढतात. कॅथलिक लोकांनी, कॅथलिक लोकांसाठी लिहिलेल्या घटनेच्या आतून त्यांनी वाट काढली. मला हे धाडसापेक्षा मोठं वाटतं. धाडस एका दिवसाचं असतं, हा युक्तिवाद पुढच्या न्यायाधीशाला पुसता येण्यासारखा नव्हता.

तरी कायदा बदलायला सहा वर्षं गेली. १९७९ च्या कायद्यानं काय दिलं? डॉक्टरची चिठ्ठी असेल तर निरोध. प्रौढांना चिठ्ठीशिवाय मिळायला १९८५ उजाडलं.

*

डब्लिनमधल्या लिफी नदीच्या काठावरची ‘फोर कोर्ट्‌स’ ही न्यायालयांची इमारत १९२२ च्या यादवी युद्धात तोफांनी आणि स्फोटानं उद्ध्वस्त झाली. शेजारचं अभिलेखागार जळालं आणि शतकानुशतकांचे दस्तऐवज राख झाले. नव्या राज्याची न्यायालयं कित्येक वर्षं दुसरीकडे, डब्लिन किल्ल्यात, भरत होती. ज्यांच्याकडे स्वतःचे जुने कागद उरले नव्हते, त्या लोकांनी हे सगळं कायदेशास्त्र उभं केलं, हे निकाल वाचताना मनात ठेवावं.

*

रस्त्यानं चाललेली एक बाई. टपाल खात्यानं तारा टाकायला खणलेला आणि वर वर बुजवलेला चर. फरसबंदी खचली, बाई पडली, जखमी झाली. तिनं नुकसानभरपाई मागितली तेव्हा सरकारचं उत्तर होतं, राज्यावर दावाच लावता येत नाही. राजाच्या हातून चूक होऊच शकत नाही, हा ब्रिटिश अमदानीतला नियम नव्या राज्याला वारसा म्हणून मिळाला आहे, असा तो बचाव.

१९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. इथे राजा नाही. राज्य लोकांनी निर्माण केलं आहे, आणि लोकांनी निर्माण केलेलं राज्य लोकांना जबाबदार आहे. खटल्याचं नावच ‘बर्न विरुद्ध आयर्लंड’. एका बाजूला एक पादचारी, दुसऱ्या बाजूला अख्खं राष्ट्र. खचलेल्या फुटपाथमुळे सार्वभौमत्वाचा अर्थ ठरला.

*

मेरी रॉबिन्सन यांना आपण आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखतो. त्यांची वकिली मला त्याहून महत्त्वाची वाटते.

एक : ज्यूरीचा खटला. १९२७ च्या कायद्यानं ज्यूरीत बसायला मालमत्तेची अट होती आणि बायकांची नावं, त्यांनी स्वतः अर्ज केल्याशिवाय, यादीत येत नव्हती. मोरीन द बुर्का या कार्यकर्तीवर आंदोलनाच्या प्रकरणात खटला होता. माझा न्याय फक्त मालमत्तावाल्या पुरुषांनी का करायचा, असं तिनं विचारलं. १९७५ च्या डिसेंबरात दोन्ही अटी घटनाबाह्य ठरल्या.

दोन : कॉर्कची जोहॅना एरी. नवरा दारुडा आणि मारकुटा. घटस्फोट तर देशातच नव्हता. कायदेशीर विभक्ती मिळायची ती फक्त उच्च न्यायालयात, आणि तिथे वकील करण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते. सरकार म्हणालं, तू स्वतः उभी राहू शकतेस, दार उघडं आहे. ९ ऑक्टोबर १९७९ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं हे उत्तर नाकारलं. हक्क कागदावर असून भागत नाही, तो प्रत्यक्ष वापरता आला पाहिजे. आयर्लंडमध्ये दिवाणी प्रकरणांत सरकारी कायदेशीर मदत सुरू झाली ती या बाईमुळे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून ज्यांनी कधी ना कधी अन्याय गिळला आहे, त्या जगभरच्या माणसांसाठी हा निकाल आहे.

तीन : डेव्हिड नॉरिस, ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक. १८६१ आणि १८८५ च्या ब्रिटिश कायद्यांनी पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवले होते. आपल्या जुन्या दंडसंहितेतलं ३७७ वं कलम त्याच घराण्यातलं. १९८३ मध्ये नॉरिस सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन असे हरले. बहुमताच्या निकालपत्रात राज्याच्या ख्रिस्ती स्वरूपाचाच आधार होता. रायन खटल्यात ज्या वाक्यानं दार उघडलं, त्याच वाक्यानं ते इथे बंद झालं. नॉरिस स्ट्रासबर्गला गेले आणि १९८८ मध्ये जिंकले. संसदेनं कायदा बदलला १९९३ मध्ये. तोवर रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. त्या कायद्यावर सही त्यांचीच आहे.

*

आयरिश न्यायालयांतली वकिलांच्या केसांच्या टोपाची सक्ती १९९५ मध्ये गेली, न्यायाधीशांच्या टोपाची २०११ मध्ये.

*

टिपररी परगण्यात दलदलीच्या मधोमध डेरिनाफ्लान नावाचं जुन्या मठाचं ठिकाण आहे. १९८० च्या फेब्रुवारीत एका बाप-लेकाला धातुशोधक यंत्रानं तिथे चांदीचा चषक आणि पूजेची इतर पात्रं सापडली. हजारएक वर्षांपूर्वीची, अतिशय देखणी. त्यांनी ती राष्ट्रीय संग्रहालयाकडे दिली. तुमचा योग्य मान राखला जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पुढे मोबदल्यावरून वाद झाला. उच्च न्यायालय म्हणालं, वस्तू परत करा नाहीतर किंमत द्या : सुमारे ५५ लाख पौंड.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. गुप्तधनावरचा ब्रिटिश राजाचा हक्क आयर्लंडला मिळालेला नाही, हे बर्न खटल्यापासून ठरलेलंच होतं. मग या चषकावर हक्क कुणाचा? न्यायालयानं नवा पाया घातला : सार्वभौम राष्ट्राच्या प्राचीन ठेव्यावर राज्याची मालकी असते, तो सार्वभौमत्वाचाच भाग आहे. पण संग्रहालयानं शब्द दिला होता, त्या शब्दावर विसंबून त्या दोघांनी वस्तू दिल्या होत्या, तेव्हा योग्य बक्षीस मिळण्याची त्यांची अपेक्षा रास्त आहे. दोघांना मिळून ५० हजार पौंड देण्यात आले. रक्कम मला कमी वाटते. तत्त्व मात्र पक्कं आहे, आणि सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनालाही कायद्यात वजन असतं, हे आयर्लंडमध्ये या निकालानं रुजलं.

*

रेमंड क्रॉटी आधी किल्केनीत शेती करत होते, नंतर अर्थशास्त्र शिकवायला लागले. युरोपच्या एकत्रीकरणाचा नवा करार १९८६ मध्ये सरकारनं संसदेकडून मंजूर करून घेतला. क्रॉटी म्हणाले, परराष्ट्र धोरणाचा अधिकार असा दुसऱ्याच्या हाती सोपवणं सरकारच्या हातात नाही, तो लोकांचा आहे, लोकांना विचारा. ऐन नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना मनाई हुकूम मिळाला आणि ९ एप्रिल १९८७ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांची बाजू उचलून धरली.

मास्ट्रिक्ट, ॲम्स्टरडॅम, नीस, लिस्बन हे सगळे करार आयर्लंडमध्ये सार्वमताला गेले ते या एका माणसामुळे. नीस २००१ मध्ये आणि लिस्बन २००८ मध्ये लोकांनी आधी नाकारले, मग दुसऱ्या फेरीत स्वीकारले. क्रॉटी यांची युरोपविषयीची मतं मला पटत नाहीत. त्यांचा खटला पटतो.

याला जोडून आणखी एक. १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी देण्यासाठी सार्वमत होतं आणि सरकार सरकारी पैशानं ‘हो म्हणा’ असा प्रचार करत होतं. पॅट्रिशिया मकेना यांनी त्याला आव्हान दिलं. मतदानाला एक आठवडा उरला असताना, १७ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं तो प्रचार घटनाबाह्य ठरवला. प्रश्न लोकांना विचारला आहे, तर लोकांच्याच पैशानं एका उत्तराची बाजू घेता येणार नाही. २४ नोव्हेंबरला मतदान झालं. घटस्फोट मंजूर झाला, अवघ्या ९,११४ मतांनी.

*

पुढचं टिपण लांब होणार आहे.

१९८३ मध्ये सार्वमतानं आयरिश घटनेत आठवी दुरुस्ती आली. आईचा जगण्याचा हक्क आणि गर्भाचा जगण्याचा हक्क समान. दुरुस्ती करणाऱ्यांना मगी खटल्याची भीती होती. खाजगीपणाच्या हक्कातून एक दिवस गर्भपाताचा हक्क निघेल आणि तो न्यायाधीश देतील, म्हणून दार आधीच बंद करायचं.

१९९२ च्या सुरुवातीला ‘एक्स’ प्रकरण घडलं. १४ वर्षांची मुलगी, बलात्कारातून गर्भवती. आईवडील तिला गर्भपातासाठी इंग्लंडला नेणार होते. गर्भाच्या चाचणीचा खटल्यात पुरावा म्हणून उपयोग होईल का, एवढंच त्यांनी पोलिसांना विचारलं. ती चौकशी महाधिवक्त्यांपर्यंत पोचली, आणि मुलीला देश सोडायला न्यायालयानं मनाई केली. ती मुलगी जीव द्यायच्या गोष्टी बोलत होती. लोक रस्त्यावर उतरले. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी मनाई उठवली : आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल, मग तो आत्महत्येचाही असो, तर गर्भपात कायदेशीर आहे. न्यायमूर्ती मकार्थींनी संसदेला सुनावलं, की आठवी दुरुस्ती होऊन इतकी वर्षं झाली तरी कायदा केलेला नाही, हे आता अक्षम्य आहे.

संसदेनं तो कायदा केला २०१३ मध्ये. एकवीस वर्षांनी. आणि मधल्या काळात, धोका ‘खरा आणि मोठा’ कधी होतो हे डॉक्टरांनी ठरवायचं. चुकलं तर समोर १८६१ चा फौजदारी कायदा.

त्या एकवीस वर्षांच्या शेवटाला सविता हालप्पनवार आहे. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, ३१ वर्षांची. गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात १७ आठवड्यांची गर्भवती असताना दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असं तिला ऐकवलं गेलं होतं. मृत्युचौकशीत रुग्णालयाच्या परिचारिकेनं ते मान्य केलं आणि माफी मागितली. उपचारांतल्या चुका पुढे चौकशीत निघाल्या, संसर्ग ओळखायला झालेला उशीर निघाला. पण त्या उशिराच्या मागे कायद्याची धास्ती होती, हेही चौकशी अहवालात आलं. या मृत्यूची बातमी वाचल्यावर आपल्याकडे जो संताप झाला, तो रास्त होता. तो आयर्लंडमधल्या संतापापेक्षा मोठा मात्र नव्हता. तिचा फोटो हातात धरून डब्लिनला, गॉलवेला, कॉर्कला हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले.

२०१६ मध्ये सरकारनं नागरिक सभा नेमली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या एक न्यायाधीश. त्यांनी शनिवार-रविवार बसून डॉक्टरांना, वकिलांना, बायकांना ऐकलं आणि आठवी दुरुस्ती जशीच्या तशी ठेवू नये असं सांगितलं. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी ती काढून टाकायला कौल दिला. १ जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर झाला.

त्या वेळचे पंतप्रधान लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी येऊन गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी कोकणच्या सुपुत्राचं कौतुक भरभरून छापलं. त्या कौतुकात बेळगावच्या मुलीचं नाव यायला हवं होतं. वराडकरांच्या सरकारनं सार्वमत घेतलं. पण लोकांना मतदान केंद्रापर्यंत आणणाऱ्या नावांत तिचं नाव सर्वांत आधी होतं.

*

आपण केशवानंद भारतीच्या निकालाचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. संसदेनं कितीही बहुमतानं ठरवलं तरी घटनेचा मूळ ढाचा मोडता येत नाही. या विचाराचा एक धागा डब्लिनला सापडतो. १९३४-३५ च्या ‘रायन विरुद्ध लेनन’ खटल्यात (हे रायन वेगळे) लष्करी न्यायाधिकरणं आणणारी घटनादुरुस्ती वैध ठरली, पण मुख्य न्यायाधीश ह्यू केनेडी एकटे विरोधात गेले. दुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा असते, असं त्यांचं म्हणणं. १९७३ मध्ये आपल्या न्यायमूर्तींनी केशवानंदच्या निकालात या खटल्याची चर्चा केली आहे.

आयर्लंडनं मात्र ती वाट घेतली नाही. १९९५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की घटनेच्या वर नैसर्गिक कायदा वगैरे काही नाही. लोकांनी सार्वमतानं केलेली दुरुस्ती अंतिम. तिथे दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी मतदारांकडे जावं लागतं, आपल्याकडे बहुतेक दुरुस्त्यांना संसदेत दोन-तृतीयांश मतं पुरतात. म्हणून त्यांना ढाच्याच्या सिद्धान्ताची गरज पडली नाही आणि आपल्याला पडली, असं मला वाटतं. आपल्याकडे तो सिद्धान्त सैल करायची भाषा अधूनमधून होते. ती करणाऱ्यांनी आधी सार्वमताची तयारी दाखवावी.

*

२०२० मध्ये जगभर बातमी झळकली : सबवेच्या सँडविचमधला पाव हा पावच नाही, आयरिश सर्वोच्च न्यायालय. लोक हसले. निकाल हसण्यासारखा नाही. १९७२ च्या मूल्यवर्धित कराच्या कायद्यानं रोजच्या गरजेच्या अन्नाला करातून मोकळीक दिली होती. त्या मोकळिकीतून केक आणि मिठाया सुटू नयेत म्हणून ‘पाव’ म्हणजे काय हे कायद्यानंच सांगितलं : पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त साखर नको. सबवेच्या पावात ती १० टक्के होती. गरिबाच्या ताटातल्या जिनसेसाठी दिलेली सवलत दुसऱ्या कुणी घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

*

२० ऑक्टोबर २०२३. डॉमिनोजचे पिझ्झा घरोघर पोचवणारे चालक. करारात लिहिलेलं, तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार आहात. कर खातं म्हणालं, हे नोकर आहेत, कंपनीनं त्यांचा कर कापायला हवा होता. सात न्यायाधीशांनी एकमतानं कर खात्याची बाजू घेतली. कागदावरचं नाव बाजूला ठेवा. काम कोण सांगतं, कोण करतं, मोबदला कशाचा, ताबा कुणाचा, हे पाहा. न्यायमूर्ती मरे यांनी त्यासाठी पाच प्रश्नांची कसोटी घालून दिली. निकाल कराचा आहे, कामगार कायद्याचा नाही, हे त्यांनी बजावलं. तरी मोटारसायकलवरून दुसऱ्याचं जेवण पोचवणाऱ्या प्रत्येकाला त्यातून बळ मिळालं.

*

३१ जुलै २०२०, हवामानाचा खटला. पर्यावरणवाद्यांच्या एका संस्थेनं सरकारचा २०१७ चा कार्बन कपातीचा आराखडा न्यायालयात नेला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. कारण साधं : कायदा म्हणतो आराखडा २०५० पर्यंतचा हवा आणि तपशीलवार हवा, हा वाचून सामान्य माणसाला सरकार नेमकं काय करणार ते कळत नाही. मात्र स्वच्छ पर्यावरणाचा न लिहिलेला घटनात्मक हक्क मान्य करायला मुख्य न्यायाधीश क्लार्क यांनी नकार दिला. एवढंच नव्हे, ग्लॅडिस रायन यांच्या खटल्यापासून चालत आलेल्या न लिहिलेल्या हक्कांना त्यांनी लगाम घातला. असे हक्क घटनेच्या मजकुरातून, रचनेतून, मूल्यांतून निघालेले दाखवता आले पाहिजेत. न्यायाधीशाच्या मनातून नव्हे. मला हा नकार पटलेला नाही. पण तो ज्या प्रामाणिकपणे समजावून दिला आहे, त्याबद्दल आदर वाटतो.

*

कॉनेमारातल्या एका आरोपीची मागणी : मी आयरिश बोलणारा, माझी ज्यूरीही दोन्ही भाषा जाणणारी हवी. आयरिश ही घटनेनुसार राष्ट्राची पहिली अधिकृत भाषा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. ज्यूरी सगळ्या लोकांतून यायला हवी. फक्त आयरिश जाणणाऱ्यांतून निवडली तर बहुसंख्य नागरिक वगळले जातील. न्यायमूर्ती हार्डिमन एकटे विरोधात होते. राष्ट्रभाषेत राष्ट्राच्याच न्यायालयाशी बोलता येत नसेल तर, ही त्यांची वेदना त्या निकालपत्रात जाणवते. माझं मत त्यांच्या बाजूला.

*

२०२४ ची दोन महिन्यांतली दोन पानं. २२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं टिपररीतल्या एका बापाला न्याय दिला. वीस वर्षं सोबत राहिलेली, त्याच्या तीन मुलांची आई वारली. लग्न झालेलं नव्हतं म्हणून विधुराचं निवृत्तिवेतन नाकारलं होतं. घटनेतलं ‘कुटुंब’ लग्नावर आधारलेलं आहे हे न्यायालयानं कायम ठेवलं, पण निवृत्तिवेतनापुरता हा भेद समतेच्या विरुद्ध आहे असं म्हटलं. मुलांच्या दुःखाला आईबापांच्या लग्नाचा दाखला लागत नाही.

८ मार्चला दोन सार्वमतं होती. एक, कुटुंबाच्या व्याख्येत लग्नाबाहेरची टिकाऊ नाती आणायला. दुसरं, बाईच्या घरातल्या जीवनाविषयीचं १९३७ चं कलम काढून तिथे कुटुंबातल्या देखभालीचा सामान्य उल्लेख घालायला. दोन्ही पडली, दुसरं तर ७३.९ टक्के विरोधानं. लोक मागे गेले असं मला वाटत नाही. नवा मजकूर मोघम होता, आणि अपंगांच्या संघटनांना देखभालीचा सगळा भार कुटुंबावर ढकलला जाईल अशी भीती होती. २०१८ ला नागरिक सभेचं ऐकलं होतं, या वेळी दुसऱ्या एका नागरिक सभेनं केलेली शिफारस सरकारनं पातळ केली. ते जुनं कलम अजून घटनेत आहे.

*

शेवटचं टिपण निर्वासितांविषयी.

म्यानमारमधून आलेला एक माणूस. आश्रयाच्या अर्जावर निर्णय व्हायला आठ वर्षं लागली. तोवर सरकारी केंद्रात राहायचं, आठवड्याला १९.१० युरो घ्यायचे आणि काम करायचं नाही. काम करणं गुन्हा. त्याला नोकरी मिळत होती, परवानगी मिळत नव्हती. ३० मे २०१७ ला न्यायमूर्ती ओ’डॉनल यांनी सगळ्या पीठाच्या वतीनं लिहिलं, की काम हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे; काही काळ मनाई समजू शकते, पण अर्जाच्या निर्णयाला मुदतच नसताना कायमची सरसकट बंदी घटनेत बसत नाही. तो नागरिक नाही हे खरं, पण तो माणूस आहे, आणि हा हक्क माणसाचा आहे. संसदेला सहा महिन्यांची मुदत दिली गेली. पुढच्याच वर्षी आश्रयार्थींना कामाची वाट मोकळी झाली.

१ ऑगस्ट २०२५ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं आयर्लंडलाच खडसावलं. आश्रयाला आलेला एक अफगाण आणि एक भारतीय. दोघांना जागा नाही म्हणून २५ युरोचं एकेक कुपन देऊन रस्त्यावर सोडलं होतं. जागा संपल्या ही सबब चालणार नाही, किमान गरजा भागवल्याच पाहिजेत, असा निकाल.

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या मराठी मुलामुलींना एक विनंती. आयरिश सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निकाल त्यांच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ‘एन. व्ही. एच.’ या आद्याक्षरांनी नोंदलेला २०१७ चा निकाल आधी घ्या. तो छोटा आहे आणि त्याची भाषा सोपी आहे. तो आपल्या कलम २१ वरच्या निकालांशेजारी ठेवून वाचा, आणि जमलं तर त्याचं मराठी भाषांतर करा.